‘एक बाई बोलते’ची कॅसेट

अहो, पण जपून ठेवायला काय होतं या लोकांना? तुम्हाला सांगतो, आमची ही ज्या बंडखोर नाटकवाल्यांत होती ना, त्यांचा नियमच तसा... खेळ संपला की प्रेक्षकांकडून हँडबिलं परत घ्यायची आणि तिथंच टराटरा फाडायची. का, तर म्हणे कला साठवायची नसते! फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही. आता ही गेल्यावर मी काय ऐकू? मला हिचा आवाज पाहिजे होता हो, बाकी काही नको.

मग लागलो मागे. रद्दीवाले झाले, जुन्या पुस्तकांची दुकानं झाली, आणि एका छापखान्याच्या माळ्यावर उंदरांनी कुरतडलेलं एक हँडबिल मिळालं. ‘एक बाई बोलते’, आणि खाली हिचं नाव. डोळेच भरून आले माझे. मुलगी म्हणते, "बाबा, घरात पाय ठेवायला जागा नाही राहिली." अगं, तुझ्या आईला शोधतोय, पसारा होणारच की!

शेवटी त्या नाटकवाल्यांचा दिवेवाला सापडला. दार अर्धंच उघडून म्हणतो, "भाऊजी, आम्ही काही ठेवत नसतो." बरं म्हटलं, आणि पायरीवरच बसकण मारली. त्याची बायको चहा घेऊन आली, तेव्हा कुठं विरघळला. "कुणाला सांगू नका हं... एक खेळ मी चोरून टेप केला होता." कुठला? ‘एक बाई बोलते’! कॅसेट छातीशी धरून घरी आलो. हिचा आवाज पाहिजे होता हो, बाकी काही नको.

लावली. खुर्च्यांची सरकासरकी, खोकला... मग कुणीतरी म्हणतं, "बोला की बाई." दुसरा म्हणतो, "पाठांतर विसरली वाटतं." पोर रडतंय, म्हातारा शिव्या घालतोय, सगळं जग बोलतंय, आणि ही? दिवेवाल्याला फोन केला, तर कसा म्हणतो, "अहो, तोच तर प्रयोग! ताई तासभर नुसत्या उभ्या. बोलायचं ते लोकांनी."

म्हणजे बघा, घरी सकाळपासून तोंडाचा पट्टा चालू, मी एक वाक्य सुरू केलं की ही त्यात चार घालणार, तेव्हा टेप करायचं कुणाला सुचलं नाही. आणि केलं त्या दिवशी बाईसाहेब गप्प! हसू की रडू, तुम्हीच सांगा. मला हिचा आवाज...

जाऊ दे. आता जेवताना लावतो ती कॅसेट. तेवढा वेळ ही तिथं उभी असते ना. मी आपला सांगत बसतो, भाजीत मीठ जास्त पडलं, पाणी उशिरा आलं... जन्मभर म्हणत आलो, अगं, मला पुरतं बोलू तर दे. आता देते. एका शब्दानं मध्ये तोडत नाही हो.