रविवारच्या वादातला प्रशांत

काका, काकू, कंपनीतले मित्र आणि सोसायटीतले आपण सर्वजण,

प्रशांतबद्दल ‘होता’ असं म्हणून बोलायचं, हे मला अजून जमत नाही. तरी बोलते. मध्येच अडखळले तर सांभाळून घ्या.

मी मेघना. प्रशांत चंद्रपूरहून इथे आला तेव्हापासून ऑफिसात आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी. दर रविवारी त्याच्या फ्लॅटवर आम्ही तिघं जमायचो. तो, मी आणि खालच्या मजल्यावरचा रोहित. हो, तोच रोहित. त्याचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

जमायचो एका मालिकेसाठी. तिच्यात एक वकील होता. साधा, बायकोला घाबरणारा. भावाला वाचवायला तो पुरावा लपवतो. मग साक्षीदाराला धमकावतो. शेवटी हाताखालच्या मुलीलाच संपवायला माणसं पाठवतो. आणि मग कळतं, भाऊ खरोखरच गुन्हेगार होता! त्या रविवारी जेवण बाजूला ठेवून आम्ही भांडलो.

मी म्हणाले, “हा माणूस पहिल्यापासून नीच होता. आपल्याला उशिरा कळलं.”

रोहित म्हणाला, “काय नीच? परिस्थितीने केलं त्याला. मीही तेच केलं असतं.”

“तू? तू झुरळ मारायलाही प्रशांतला खाली बोलावतोस.”

प्रशांत हसला नाही. म्हणाला, “त्याच्या बाजूला दर वेळी कोणी ना कोणी होतं ना. बायको होती, मित्र होता. एकानेही ‘बस कर’ म्हटलं नाही. मला त्यांचाच जास्त राग येतो.”

“अरे, तसं कुणी म्हटलं असतं तर मालिका पहिल्याच भागात संपली असती,” मी म्हणाले.

“संपू द्यायची ना मग.”

असा होता तो.

पुढचं मी पाहिलेलं नाही. टेम्पोवाले भगवानदादा इथे बसलेत, त्यांनी सांगितलं तेच सांगते. प्रशांत आणि रोहित खडकवासल्याहून परत येत होते. दादा मार्केट यार्डात कांदा उतरवून गावाकडे चालले होते. टेम्पो या दोघांच्या गाडीला घासला. आरसा तुटला. एवढंच. रोहितने डिकीतून जॅकचा दांडा काढला. लोक जमले, मोबाइल निघाले. पुढे कोण आलं? एकटा प्रशांत.

दादा सांगतात, “साहेब मला म्हणले, तुम्ही गाडीतच बसा. मग त्याच्याकडं तोंड करून म्हणले, रोहित, अजून काहीच झालेलं नाय. चल घरी.”

दांडा प्रशांतच्या डोक्यात बसला.

दादांनी त्याच टेम्पोतून त्याला दवाखान्यात नेलं. मागे रोहित बसला होता, प्रशांतचं डोकं मांडीवर घेऊन. पोलिस आले तेव्हा त्याला धरून उठवावं लागलं. प्रशांत शुद्धीवर आलाच नाही.

काका, त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, “माझा पोरगा मधात कायले गेला?” आज सांगते. तो दादांना वाचवायला गेला, असं सगळे म्हणतात. खरंच आहे. पण काका, तो रोहितलाही वाचवायला गेला होता. एक जण वाचला.

आणि मित्रांनो, आपल्या ग्रुपवर आता वाद रंगलाय. रोहित बिघडला कधी? तो आधीपासूनच तसा होता का? नवनवीन तर्क येताहेत. हात जोडून सांगते, थांबवा ते. ही मालिका नाही. माझा मित्र गेलाय.

एक शेवटचं. सकाळी काकू मला म्हणाल्या, “त्या बाईले बी बोलाव. तिचाबी पोरगा गेला.” रोहितच्या आई आल्या आहेत. जिन्यात उभ्या आहेत, आत यायला धजत नाहीत. वळून बघू नका. दार तेवढं उघडं राहू द्या.

आता आपण शांत उभे राहू. त्यानंतर काका त्रिशरण म्हणतील. ज्यांना येतं त्यांनी सोबत म्हणा.

प्रशांत, जयभीम.