आला का तुझा पंखा

—नाही, तो नाही. तो निळा डबा होता तिथंच ठेवा. शेजारचा घ्या, वरचा घ्या, तो सोडून कुठलाही उचला. अहो, रागावलो नाही, माझा आवाजच तसा आहे — गुरुजींच्या घरात वाढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. बसा. स्टुलावरची ती वायर सरकवा नि बसा. तर तुमची अडचण काय — बँकेत बदली होऊन आलात, ब्रह्मा घाटावर मराठी शेजार बघून खोली घेतलीत, खोली एकच, त्यात नवा पेन्टियम, आणि त्याच खोलीत आई झोपतात, आणि पंख्याच्या घरघरीनं त्यांचा डोळा लागत नाही. बरोबर? मग नीट जागी आलात. दूधविनायकाच्या ह्या गल्लीत प्रोसेसरच्या पंख्यावर माझ्याइतकं डोकं कुणी खपवलेलं नाही. खपवलं आणि काय मिळालं, ते सोडा.

हा हातात घ्या. हलका लागतो ना? खालचा उष्णता ओढणारा ठोकळा ॲल्युमिनियमचा आहे पण पापडासारखा, आणि कडा बघा, कानशीसुद्धा फिरवलेली नाही, बोट कापेल. ह्याच्या पंख्यात बेअरिंग नाही, मतलब नुसती नळी आणि तेलाचा थेंब. नवा असतो तेव्हा एकदम गप्प — दुकानात लावून दाखवला की गिऱ्हाईक खूश. मग येतो मे महिना, बनारसची धूळ, तेल जातं वाळून, आणि सहा महिन्यांत खर्रर्र खर्रर्र. रामनगरच्या एका प्रेसवाल्यानं परवा असाच आणला होता, उघडला तर आतून कागदाचा भुगा नि धूळ इतकी निघाली की उशी भरता आली असती. आता हा दुसरा. जड आहे, हो ना? बॉल बेअरिंग. हा पहिल्या दिवसापासून बारीक सूंऽऽ करतो, पण चार वर्षांनीही तेवढंच करतो, वाढत नाही. क्लिपही बघा, स्टीलची, अंगठ्यानं दाबली की बसते. त्या पहिल्याची क्लिप स्क्रूड्रायव्हरनं दाबावी लागते, आणि तो सटकला की मदरबोर्डला रामराम. तुम्ही हा जड घ्या. आणि मशीन आईंच्या उशापासून हलवा, थोडा आवाज मागच्या पॉवर सप्लायच्या पंख्याचाही असतो, तो मी बदलला तरी—

काय? हा? हा आवाज माझ्याच मशीनचा. हसा, हसा, सगळे हसतात. दुनियेला गप्प पंखे विकतो आणि ह्याचं स्वतःचं मशीन गिरणीसारखं घरघरतंय! वैदेही, माझी बायको, तीही म्हणते, बदला की तो, चहा द्यायला आलं की डोकं उठतं. बदलणार नाही. एकदा बदलला होता. त्या निळ्या डब्यातला बसवला होता. एक संध्याकाळ. मग काढून ठेवला.

चांगला नाही? अहो, ह्या दुकानात त्याच्या तोडीचा दुसरा नाही. तळाला तांब्याचा तुकडा, आरशासारखा घासलेला. पाती पातळ आणि एकसारखी, मोठा पंखा, सावकाश फिरणारा. चालू आहे की बंद ते बघायला बोट लावावं लागतं. दिल्लीहून मागवला होता, मार्गशीर्षात. विकायला नाही. बाबांसाठी.

बाबा म्हणजे ढुंढिराजगुरुजी. ब्रह्मा घाटावर विचारा कुणालाही, जुने लोक सांगतील. वेदपाठी. आमच्या घराण्याची म्हणायची एक धाटणी आहे, पणजोबांपासूनची, ती बाबांजवळ होती आणि बाबांजवळच राहिली. मी? मुंज झाल्यावर चार वर्षं बसलो त्यांच्यापुढे. मग इंग्रजी शाळा, मग डिप्लोमा, मग हे. बाबा कधी बोलले नाहीत. एका शब्दानं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडलो तरी असतो. तर मीच म्हटलं, बाबा, तुमचं सगळं मी कम्प्युटरवर घेतो, सीडी करतो, शंभर वर्षं राहील. सहा महिने नको नको म्हणाले — यंत्रापुढे बसून म्हणायचं म्हणजे भिंतीला शिकवण्यासारखं आहे, समोर कोणीतरी हवं. मी म्हटलं, मी बसतो ना समोर! तेव्हा तयार झाले. अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून, इथं, तुम्ही बसलात तिथंच पाट टाकून बसले. मी माइक ठेवला, कानाला हेडफोन लावले, बटण दाबलं. आणि हेडफोनात आधी काय आलं? बाबा नाही. पंखा. हाच. घर्रर्र. बाबांचा आवाज त्याच्या मागून, चाळणीतून आल्यासारखा. चाळीस सेकंदांत मी बंद केलं. म्हटलं, बाबा, असं नाही चालायचं, एकदाच करायचं काम आहे, एकदम स्वच्छ करू, दिल्लीहून चांगला पंखा मागवतो, आठ दिवसांत येईल. ते उठले. पाट स्वतः उचलून ठेवला.

आठाचे पंधरा झाले, पंधराचे बावीस. पार्सल कुठं अडकलं देव जाणे. रोज संध्याकाळी घाटावरून आले की दारात उभे राहून विचारायचे — "आला का रे तुझा पंखा?" माझा पंखा! मी म्हणायचो, उद्या येईल बाबा. मग थंडी वाढली, छातीत कफ झाला. आधी आवाज बसला. चार दिवस नुसते ओठ हलत होते. त्या चार दिवसांतही एकदा मला बोटानं अशी खूण केली, हवेत गोल फिरवून — आला का? मी मान हलवली, नाही. पार्सल आलं ते बाबांच्या दहाव्याला. मी डोकं भादरून घाटावरून येतोय आणि पार्सलवाला दारात उभा. सही केली. काय करणार?

वैदेही नंतर म्हणाली, अहो, लांब वायर लावून मशीन बाहेर ओसरीवर ठेवता आलं असतं की. आलं असतं! घरात टेपरेकॉर्डर होता साहेब, कपाटावर, चालू असलेला. टेपला खरखर असते म्हणून मी त्याला हात लावला नाही. मला स्वच्छ पाहिजे होतं ना!

तेराव्यानंतर इथं येऊन तो निळ्या डब्यातला बसवला. इतकं शांत, इतकं शांत की भिंतीवरची पाल ऐकू आली. आणि त्या शांततेत ते चाळीस सेकंद लावले. बाबा एक ओळ म्हणतात. आणि थांबतात. मला वाटायचं, दम लागला असेल. पण त्या दिवशी, खोलीत दुसरा काही आवाज नसताना, मला त्या थांबण्यात, रेकॉर्डिंगमधल्या घरघरीच्या खालून, बाबांचा श्वास ऐकू आला, आणि मग, अगदी हळू — "हं?"

तुम्हाला कळलं नाही ना? कसं कळणार. आमच्यात संथा देतात तेव्हा गुरुजी एकदा म्हणतात आणि थांबतात, शिष्यानं तेच दोनदा म्हणायचं, मग पुढची ओळ. आणि पोरगा अडला की गुरुजी म्हणतात, हं? ते यंत्राला सांगतच नव्हते हो. मी म्हटलं होतं ना, मी बसतो समोर — ते खरं धरून बसले. वीस वर्षांनी मला संथा द्यायला बसले. ओळ दिली, थांबले, वाट बघितली, विचारलं, हं? आणि मी त्यांच्यापुढे बसून हेडफोनात पंखा ऐकत होतो.

त्याच रात्री तो काढला आणि हा परत बसवला. हा घरघरत असला की रेकॉर्डिंगमधलं ते "हं" ऐकू येत नाही. ओळ ऐकू येते, तेवढी पुरे. रोज सकाळी दुकान उघडलं की उदबत्तीच्या आधी लावतो. बाबा म्हणतात, थांबतात, मी म्हणतो. दोनदा. येतं तसं म्हणतो — स्वर चुकत असेल, चुकतोच, पण चुकला हे सांगायला समोर कोण आहे? आणि माझं दुसऱ्यांदा म्हणून होतं न होतं तोच पुढचा आवाज येतो. बाबांची पुढची ओळ नाही. माझा. "बाबा, थांबा. पंखा फार वाजतोय."

...नाही, तुम्हालाही नाही ऐकवणार. कुणालाच ऐकवलेलं नाही.

एक करा. तो निळा डबाच न्या. न्या हो, आता मीच म्हणतोय ना! उद्या चारनंतर येऊन बसवून देतो. आईंना झोप लागू दे. आता निघा तुम्ही. आणि जाताना दार लोटून घ्या, धूळ येते.