दोन खुर्च्या नेल्या मी

हॅलो?... हो, बोल... अगं मीच आहे, दुसरं कोण उचलणार इथे?... आवाज ठीक आहे माझा. आत्ताच जिना चढून आलोय, म्हणून धाप लागली.

कोणी सांगितलं तुला?... नर्सबाईंनी? वाटलंच मला. राहतात वरच्या मजल्यावर, पण तुझ्यापर्यंत पोचायला त्यांना जिना लागत नाही... नाही, नाही, मला कुठेही लागलेलं नाही. हातपाय जागेवर आहेत... डोकंही जागेवर आहे.

तू आधी ओरडून घे, मग मी सांगतो... झालं?... बरं.

अगं, पुलापलीकडच्या पोरांनी आपल्या पान्याच्या धाकट्या भावाला मारलं. डोक्याला टाके पडले... पान्या गं, गॅरेजमध्ये काम करायचा तो. सारखा पाना घेऊन फिरायचा म्हणून पान्या... हो, तोच, तुझ्या आईला चिकटून बसायचा. काल दुपारी बेकरीवाल्याचा फोन आला. म्हणाला, संध्याकाळी टाकीमागच्या मैदानावर पोरं जमणार आहेत, दोन्हीकडची, आणि रिकाम्या हातांनी नाही येणार.

पोलिसांना कळवलं होतं की! गाडी रस्त्यावर उभी होती. साहेब म्हणाले, तुम्ही आधी बसून बघा, आम्ही आहोतच. त्यांनाही आईची पद्धत माहीत आहे.

हो, खुर्च्या... तेच तर करायचं असतं. खबर आली की घरची खुर्ची उचलायची, मैदानाच्या मधोमध टाकायची आणि बसायचं. भांडणाचा विषय आपण काढायचा नाही. जेवलास का, आजी कशी आहे, काम मिळालं का, एवढंच... हसू नकोस, ऐक ना. पण आई गेल्यापासून हे पहिलंच. मला वाटलं, आता कोण येतंय. मी एकटाच बसलेला दिसणार तिथे, शेवटची बस चुकलेल्या माणसासारखा. जन्मभर बस चालवून शेवटी ही वेळ!

आणि सांगू तुला? सगळे आले गं!... बेकरीवाला स्टूल घेऊन, हाताला पीठ तसंच. नर्सबाई ड्यूटीवरून थेट... हो का? ते नाही सांगितलं त्यांनी? होत्या की, पहिल्या रांगेत! पुलापलीकडच्या आजी, ज्यांचे गुडघे गेलेत ना, त्यांना तर खुर्चीसकट उचलून आणलं दोघांनी. महापालिकेच्या मॅडम आपली घडीची खुर्ची काखेत मारून आल्या. मी बघतच राहिलो. म्हटलं, बघ, काय करून ठेवलंस तू... तुला नाही गं, तुझ्या आईला म्हणतोय.

...हॅलो? आहेस ना?... नाक पूस आधी.

पुढे ऐक. माझा एक वेंधळेपणा झाला. मैदानावर जाऊन बघतो तर माझ्या दोन्ही हातांत खुर्च्या. एक माझी, एक तिची... अगं, सवय. इतकी वर्षं दोन्ही मीच न्यायचो, ती चहाची किटली घ्यायची. आता तिथवर नेलेली परत कुठे आणणार? टाकली शेजारी. ती निळ्या पट्ट्यांची, एक पाय आखूड असलेली.

मग पोरं आली, दोन्हीकडून... होत्या, साखळ्या होत्या, सळया होत्या... वाटली की भीती. खोटं कशाला बोलू? पण सगळेच बसलेत म्हटल्यावर मी एकटा कसा उठणार?

पान्या सगळ्यात पुढे. सरळ माझ्यासमोर आला, त्या खुर्चीकडे बघितलं आणि विचारलं, "काकू चहा आणायला गेल्यात का?"

...नव्हतं माहीत त्याला! मामाकडे होता ना, दुसऱ्या गावात, कामाला. भावाला मारलं म्हणून धावत आला. कोणी बोललंच नाही त्याच्याजवळ... काय करणार, सांगितलं मी. काकू नाहीत रे आता.

नाही, रडला नाही. मागची पोरं ओरडत होती, चल, चल. यानं खुर्ची हलवून बघितली. म्हणाला, "काकू पायाखाली पुठ्ठा ठेवायच्या. तुम्ही ठेवला नाही." मी म्हटलं, विसरलो. तर त्यानं बाहीतून लोखंडी पट्टी काढली... अगं हो, मारायलाच आणलेली. ती वाकून खुर्चीच्या आखूड पायाखाली सरकवली. आणि बसला.

...हो ना. आजींनीच पलीकडच्या उंच पोराला हाक मारली, "अरे ताडमाडा, जेवलास का?" तो म्हणाला, "नाही." इतक्या गरीब आवाजात, की त्याचीच पोरं हसली. मग हळूहळू बसलं कोणी कोणी, जमिनीवरच. चहा मात्र नव्हता. किटलीचं कोणाच्याच लक्षात आलं नाही.

...थांब, थांब. मिटलं असं मी म्हटलंच नाही. पान्याचे दोस्त चिडलेत. आज ते पुलापलीकडे जाणार म्हणे, आणि त्यानंही चलावं म्हणून मागे लागलेत. तो ती खुर्ची घेऊन गेलाय, पाय वेल्डिंग करून आणतो म्हणाला. आज दिवेलागणीच्या आत... हो, झाली दिवेलागण. खिडकीतच उभा आहे मी. खाली जाऊन बघूनही आलो... असं नको बोलूस. खुर्ची गेली तर गेली. पोरगा जायला नको.

तिकडे यायचं ना? येईन. पण पुढच्या महिन्यात मॅडम आणखी तीन वस्त्यांत हे सुरू करणार आहेत, मला या म्हणाल्यात... मी हो म्हटलं. जावईबापूंना सांग, म्हातारा कामावर लागलाय.

एक मिनिट... बेल वाजली... धरून ठेव गं.

आलो, आलो!... कोण आहे?

...ये. आत ये... अरे, हा पण आलाय? डोक्याचे टाके अजून ओले आहेत ना रे तुझे?...

हॅलो, अगं, आला! पान्या आला. भावालाही आणलंय. खुर्ची डोक्यावर घेऊन चढलाय जिना... थांब, बसून बघतो... नाही डुगडुगत आता. अजिबात नाही... थोडी डुगडुगली असती तरी चाललं असतं मला... काही नाही, काही नाही.

काय रे?... अगं, धाकटा विचारतोय, चहाची किटली कुठे आहे. मैदानावर जायचं म्हणतात दोघं, ते दोस्त निघायच्या आत... तुला माहीत आहे का, आई कुठे ठेवायची?... ओट्याखाली? मागच्या बाजूला?... बरं, बरं. फोन ठेवतो मी. चहाचं पाणी टाकायचंय.