मीनलच्या खिडकीतला बर्फ

परवा गोत्रीच्या बँकेत काय झालं, ऐका. जर्मनीत शिकणाऱ्या आमच्या मीनलचा नव्या नंबरवरून मेसेज आला होता, "बाबा, फी आजच भरायची आहे, या खात्यात पाठवा." मी फॉर्म भरून दिला.

काउंटरवरची गुजराती मुलगी म्हणाली, "काका, खातं दुसऱ्याच्याच नावावर आहे. पहेलां दीकरीला फोन करा ने."

मी मीनलच्या जुन्या नंबरवर व्हिडिओ कॉल लावला. ती झोपेतून उठली. "बाबा, मी कुठे मेसेज केला? फी पुढच्या आठवड्यात आहे, आणि ती मी माझ्याच खात्यातून भरते."

मी फॉर्म भरून दिल्याचं सांगितलं. ते ऐकून ती म्हणाली, "वाचलात ना! आता हे बघा," आणि तिने फोन खिडकीकडे फिरवला. तिथल्या पहाटे, रस्त्यावरच्या दिव्याखाली बर्फ अलगद उतरत होता.

"काका, तिच्याच खात्यात पाठवू ना?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"पाठव गं," मी म्हणालो, "पण जरा थांब. बर्फ पडतोय."