बॉनेटवरची श्वासनळी

जोतीराम : ते काय बी असू द्या ताई, पर हा खोका माझ्या गाडीत न्हाय राहायचा. पाणी बघा! पार मागच्या शिटापतोर वघळ गेलाय. आन रंग कसला हाय त्येला?

रोहिणी : लाल आहे. जरासाच.

जोतीराम : जरासाच म्हणती! मागं माळकरी मंडळी बसल्यात. समदी पाय वर घिऊन बसल्यात बिचारी. मला कंडक्टर म्हणून जाब द्यावा लागतो. गाडीत मटण चालत न्हाय.

आबाजी : मटण न्हाय वो त्ये, कंडक्टरसायेब.

जोतीराम : मग काय हाय, बाबा?

आबाजी : त्ये... दवाखान्याचं सामान हाय. ही माझी नात, रोहिणी. आमी लासुर्ण्याचं. पुण्यात डॉक्टरकी शिकती ती. काळजाची.

रोहिणी : आबा, काळजाची न्हाय वो.

आबाजी : तू गप गं.

रोहिणी : साहेब, खरं सांगते. मेंढ्यांच्या नळ्या आहेत त्या. इंदापूरच्या गेणबा खाटकाकडून सकाळी ताज्या घेतल्या. बर्फात घालून पुण्याला न्यायच्यात, प्रयोगशाळेत.

जोतीराम : नळ्या? आवो मग मटणच की! नळीसाठी आमच्या घरात भांडणं लागत्यात.

रोहिणी : ती हाडाची नळी. ही गळ्यातली, श्वासाची. मला तिच्या आतला चिकट थर लागतो.

जोतीराम : चिकट म्हंजे कसला?

रोहिणी : शेंबूड.

जोतीराम : आँ?

रोहिणी : शेंबूड. छातीतला असला तर बेडका म्हणायचं, पण वस्तू तीच. माझी पीएच.डी. त्याच्यावरच आहे.

आबाजी : झालं! सांगितलं! भर यष्टीत सांगितलं! अगं, समद्या लासुर्ण्यात म्या काळीज म्हणून सांगून ठिवलंय. सरपंचाला काळीज सांगितलं, सोयऱ्याधायऱ्यांना काळीज सांगितलं...

जोतीराम : शेंबडाची पीएच.डी.! ऐकलं का वो मंडळी? शेंबडाची! मग आमच्या घरातली बारकी पोरं समदी प्रोफेसरच म्हणायची की!

आबाजी : बघ, हसत्यात. पाक मागच्या शिटापतोर हसत्यात.

रोहिणी : हसू द्या. साहेब, तुम्ही पण हसा, पण खोका उतरवू नका. आधीच गाडी बंद पडून किती वेळ झाला. आपण भिगवणच्या अलीकडंच अडकलोय. ऊन चढतंय आणि बर्फ वितळतोय.

जोतीराम : त्येला म्या काय करू? क्लच गेलाय. भिमा डायवर गाडीखाली शिरलाय, नुसतं पाय दिसत्यात त्येचं. बारामती डेपोतनं मेकॅनिक यायचा हाय. फुडं जाऊन एसटीडी बूथवरनं फोन लावून आलोय.

रोहिणी : बर्फ संपला की ह्यातलं प्रथिन सडायला लागणार. मग सगळं फुकट.

जोतीराम : आवो, मग दुसऱ्या नळ्या घ्या. मेंढरांना काय तोटा हाय का आपल्याकडं?

रोहिणी : ह्या साध्या नाहीत. ही पांढऱ्या दोरीची पिशवी बघा, ह्या माळावर चरणाऱ्या मेंढ्या. आणि लाल दोरीची पिशवी आहे कळंबच्या एका गुऱ्हाळापाशी बांधलेल्या मेंढ्यांची. सगळा हंगाम धुरात काढलेल्या. गुऱ्हाळं आता बंद व्हायला आलीत. हे गेलं तर पुढच्या हंगामापर्यंत थांबायचं, आणि माझी फेलोशिप तोवर टिकत नाही.

जोतीराम : टिकली न्हाय तर?

आबाजी : तर काय, घरी. तिच्या बापानं लग्नासाठनं जागा बघूनच ठिवलीया.

जोतीराम : मग वाईट काय हाय त्यात?

रोहिणी : साहेब, तुम्हाला दाखवू का काय आहे ते? बघा, आणि मग ठरवा उतरवायचं का नाही.

आबाजी : हितं? अगं, बायामाणसं हायती!

जोतीराम : थांबा बाबा. दाखवा ताई. न्हाय तर मेकॅनिक येईस्तवर म्या तरी काय करू? तिकिटं समदी फाडून झाल्यात.

रोहिणी : मला एक ताटली लागेल.

जोतीराम : ह्ये माझ्या डब्याचं झाकण घ्या. घ्या वो! घरी गेल्यावर बायकोला सांगायचं न्हाय, म्हंजे झालं.

रोहिणी : आणि ऊब पाहिजे. बर्फात नळी गारठते, मग तिचं काम थांबतं. ऊब लागली की पुन्हा सुरू.

जोतीराम : ऊब म्हंजे काय, ह्ये डायवरशेजारचं बॉनेट तापलंय की तव्यावानी! इंजिन आत्ता कुठं निवाय लागलंय.

रोहिणी : एवढं गरम नको. आबा, तुमची घोंगडी द्या.

आबाजी : घोंगडी? शेंबडाखाली माझी घोंगडी?

रोहिणी : द्या की वो आबा. मेंढीचीच लोकर हाय, मेंढीलाच घालायची.

आबाजी : घे बाई. आता राह्यलं काय.

रोहिणी : आता ही एवढी पट्टी कापते, बाकीची नळी बर्फातच राहू दे. असं बाटलीतलं मीठपाणी शिंपडायचं... आणि आता चिमूटभर काळी पूड पाहिजे. कोळसा, काहीही.

जोतीराम : ओ मावशी! तुमच्याकडं मशेरी हाय न्हवं? द्या चिमूटभर. ह्या नळीला लावायचीया. न्हाय वो, नळीला दात न्हाईत. द्या तर आदी!

रोहिणी : एवढा कणच पुरे. इथं खालच्या टोकाला ठेवते. आता हात लावू नका, फुंकू नका. बघत राहा.

(सगळे बॉनेटवर वाकतात.)

जोतीराम : कायबी व्हईना.

रोहिणी : ऊब लागू द्या जरा.

आबाजी : चार लोकांत हसं करून घेतलंस पोरी. झाक त्ये.

जोतीराम : बाबा, थांबा. हाललं का?

आबाजी : काय हालतंय?

जोतीराम : मशेरी! आवो, मशेरी सरकली!

आबाजी : वाऱ्यानं आसंल.

जोतीराम : खिडकी लावा रं ती! दोन्ही लावा! आता वारा कुठाय? बघा, चाललीया. आयला! गाडी बंद आन मशेरी चालू!

आबाजी : आगं... व्हय की. मुंगीवानी चाललीया. कोण ढकलतंय तिला?

रोहिणी : नळीच ढकलतीया आबा.

आबाजी : ही तर मेलेली हाय! म्या सवता बघितली सकाळी, गेणबानं सुरी फिरवली तवा.

रोहिणी : मेंढी मेली, पण नळीच्या आतल्या बाजूला बारीक केस आहेत, डोळ्याला न दिसणारे. ते अजून जिवंत आहेत. वाऱ्यानं बाजरीचं रान डुलतं ना, तसे ते डुलतात, सगळे एकाच दिशेला.

जोतीराम : मागनं ढकलू नका! बघायचं आसंल तर रांग लावा! माउली, तुमी बी आला? या या, फुडं या. पाय खाली सोडला का मग? बघा, कसा चमत्कार हाय!

रोहिणी : चमत्कार नाही, शेंबूड आहे. केसांच्या वर त्याचा थर असतो. धूळ, धूर, रोगाचे जंतू, जे आत जाईल ते त्याला चिकटतं. केस तो थर वर वर सरकवत घशापर्यंत आणतात.

जोतीराम : आन मग?

रोहिणी : मग आपण गिळतो.

जोतीराम : कोण गिळतं?

रोहिणी : सगळे. रोज. आत्ता बोलता बोलता सुद्धा.

जोतीराम : म्या? शेंबूड? आत्ता?

रोहिणी : हो. पोटातल्या आम्लात जंतू मरून जातात.

जोतीराम : आन ही माळकरी मंडळी?

रोहिणी : ती पण.

जोतीराम : आरं द्येवा! माउली, हसताय काय, तुमी बी गिळताय! आन खाली भिमा बी गिळत आसंल! ए भिमा! अरं भायेर ये, तुला एक गंमत सांगतो!

आबाजी : ह्ये खरं हाय व्हय गं? हसवायला न्हाय ना सांगितलंस?

रोहिणी : खरं हाय आबा. नसता शेंबूड तर माणूस लासुर्ण्यातनं इंदापुराला जाईस्तवर धुळीनं गुदमरला असता.

जोतीराम : पर ताई, त्ये प्रथिन म्हणला तुमी. त्ये कुठं आलं ह्यात?

रोहिणी : शेंबूड म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. त्यात चिमूटभर म्युसिन असतं, ते प्रथिन. ते पाण्याला धरून ठेवतं. आळीव भिजवल्यावर कसं बुळबुळीत फुगतं?

आबाजी : बाळंतिणीला देत्यात त्ये?

रोहिणी : तेच. तेवढंसं आळीव, पण वाटीभर पाणी धरतं. तसंच म्युसिन. आणि म्युसिन एक नसतं, बरीच आहेत. आत्ता ह्या वर्षांत जगभरची माणसं ती शोधतायत आणि एकेकाला नंबर देतायत.

जोतीराम : नाव न्हाय, नंबर? यष्टीसारखा?

रोहिणी : अगदी यष्टीसारखा!

जोतीराम : मशेरी पार टोकाला पोचली बघा! टाळ्या वाजवा वो! माझ्या गाडीत आज तेवढंच येक टायमात पोचलं.

आबाजी : लाल दोरीची बी दाव की.

रोहिणी : दाखवते. ही घ्या, हिची पट्टी. हाताला बघा आबा, किती दाट लागतंय. आता कण ठेवला.

जोतीराम : चल गं बाई, चल. तुझ्या भैनीनं बाजी मारली बघ... ही का जाईना?

आबाजी : गार आसंल अजून.

रोहिणी : ऊब तेवढीच आहे.

आबाजी : जागच्या जागी हालतीया नुसती. चिखलात चाक फिरतं तशी. मीठपाणी घाल की अजून.

रोहिणी : घातलंय, आबा.

आबाजी : मग ढकल की गं हातानं!

रोहिणी : धूर सारखा लागला की नळीला वाटतं, अजून शेंबूड पाहिजे. ती म्युसिन बनवत सुटते. मग ते इतकं दाट होतं की केस त्याच्याखाली दबून जातात. जे राखणीला ठेवलेलं, तेच वाट अडवून बसतं. आणि साचलेल्यात जंतू वाढतात.

आबाजी : मग ती मेंढी काय करती?

रोहिणी : खोकते. दुसरा मार्गच नसतो तिला.

जोतीराम : बाबा, तुमी छातीवर हात का धरला?

आबाजी : कळप इकल्यावर म्या गुऱ्हाळावर हुतो, सायेब. चुलवाणात चिपाडं सारायचो. ह्या पोरीच्या जन्माच्या आदीपास्नं. धुरानं डोळं चुरचुरायचं. छातीचं काय ध्यानातच न्हाय आलं.

जोतीराम : इंदापूर सोडल्यापास्नं खोकताय तुमी. म्या म्हणलं तमाखूनं आसंल.

आबाजी : तमाखूला कधी हात लावला न्हाय. रोहिणी, माझ्या छातीत ही लाल दोरीवालीच नळी हाय का गं?

रोहिणी : तशीच असेल.

आबाजी : तुला कवापास्नं ठावं हाय?

रोहिणी : बारकी हुते तवापास्नं तुमचा खोकला ऐकतच उठायची मी. पुण्याला सरांनी विचारलं, विषय कुठला घेणार? वर्गातल्या पोरांनी चांगले चांगले विषय घेतले. मेंदू घेतला, काळीज घेतलं. मी म्हटलं, मला शेंबूड द्या.

आबाजी : माझ्यासाठनं?

रोहिणी : आता मग काय, गेणबा खाटकासाठनं?

आबाजी : येडी का खुळी तू! आन म्या गावभर काळीज सांगत फिरलो... हसू नगंस. सायेब, तुमी बी हसू नगा. मला बी हसू यायला लागलंय, आन हसलो की खोकला उठतोय.

जोतीराम : उठू द्या, बाबा! खोका, चांगलं खोका! पर ताई, ह्येला औषध निघंल का?

रोहिणी : माहीत नाही. दाट कसं होतं ते आधी कळलं पाहिजे, पातळ कसं करायचं ते मग. ह्या पिशव्या पुण्याला पोचल्या तर थोडं तरी कळेल.

जोतीराम : बर्फ किती राह्यलाय?

रोहिणी : बघा. नुसतं पाणीच झालंय.

जोतीराम : हात्तिच्या! आवो, भिगवण हाय ह्ये! हितं बर्फाला काय तोटा? उजनीच्या मासळीचं टेम्पो बर्फ भरूनच पुण्याला जात्यात. ए, तो बघा आलाच येक! सरका, सरका! ओ पाव्हणं! थांबवा! थांबवा टेम्पो! सरकारी काम हाय!

रोहिणी : आबा, ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले!

आबाजी : शिट्टी मारतोय त्यो. थांबला, थांबला टेम्पो. गडी लई बाराचा हाय.

जोतीराम : ताई, उचला खोका! त्यो पुण्यालाच चाललाय. म्हणतो, बर्फ हवा तेवढा घ्या आन केबिनमधी बसा. वास मातुर माशांचा येणार.

रोहिणी : येऊ द्या! साहेब, तुमचं झाकण...

जोतीराम : राहू द्या तुमालाच. धुऊन घरी नेलं तरी त्यात जेवायचं कसं, ते सांगा की. या बाबा, हात द्या. चढा. घोंगडी घेतली का?

आबाजी : घेतली. सायेब, तुमचं नाव काय?

जोतीराम : जोतीराम. हां, चला, जाऊ द्या टेम्पो! आन ताई, नवीन नंबर सापडला तर कळवा! बारामती डेपो म्हणलं तरी पोचतंय!

रोहिणी : नक्की! आबा, नीट बसलाय ना? पाय लांब करा. आता हितनं दौंडचा फाटा आला की पुणं काय लांब न्हाय.

आबाजी : बसलोय. खोका माझ्या मांडीवर दे. गार लागतोय, लागू दे.

रोहिणी : तुम्हाला ठेसनावर उतरवते. सांजची इंदापूर यष्टी मिळंल. आई वाट बघत असंल.

आबाजी : बघू दे वाट. रोहिणी...

रोहिणी : काय वो?

आबाजी : अर्धा जन्म मेंढरं राखली गं म्या. आजारी पडली की उरावर घिऊन बसायचो, रातरात तेंची घरघर ऐकायचो. आतमधी कायतरी एवढं चालत आसंल, आसं कधी वाटलंच न्हाय.

रोहिणी : आम्हाला तरी कुठं अजून सगळं कळलंय.

आबाजी : तुझ्या त्या प्रयोगशाळेत म्हाताऱ्या माणसाला आत घेत्यात का?

रोहिणी : घेतात की. मी सांगते सरांना. सूक्ष्मदर्शकाखाली दाखवते तुम्हाला, केस डुलताना.

आबाजी : चपला भायेर काढायच्या का?