पान चारवरची एक चूक

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या सभागृहाच्या सभापती मा. मार्लिस टॉफ्टेबाई, व्यासपीठावरचे दोन्ही पक्षांचे नेते, सत्कारमूर्ती आपले सचिव एल्डन रोइस्लँडसाहेब, त्यांच्या पत्नी सौ. कॉरिनबाई, आजी-माजी सदस्य, कार्यालयातल्या भगिनी आणि बंधू, आणि बर्फातून गाडी हाकत आलेले सगळे मित्रहो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. हा वेंडेल श्टॉक पाच मिनिटांत बसला असं या इमारतीत आजवर कधी झालेलं नाही, तेव्हा कॉफी आणखी घेऊन ठेवा.

तुमच्या हातात एक छान पुस्तिका आहे. तिच्या चौथ्या पानावर कौतुकानं छापलंय, "छत्तीस वर्षं, अठरा अधिवेशनं, हजारो विधेयकं आणि फक्त एक चूक." मघापासून तीन वक्त्यांनी त्या एका चुकीवर विनोद केला आणि तुम्ही हसलात. एल्डनसुद्धा हसले. त्या चुकीबद्दलच मला बोलायचंय, कारण त्या दिवशी सभापतींच्या खुर्चीत मी बसलो होतो.

आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण मागे शाळेतली मुलं बसली आहेत म्हणून सांगतो. नवीन सदस्याचं पहिलं विधेयक आलं की त्याची फिरकी घ्यायची. वाट्टेल ते प्रश्न विचारायचे. मग मतदान सुरू झालं की सगळ्यांनी विरोधाचं बटण दाबायचं. मतांच्या दिव्यांचा फळा लालेलाल! नव्या माणसाच्या पाचावर धारण बसते. सभापती मनातल्या मनात दहा आकडे मोजतात, तेवढ्यात सगळे बटण बदलतात, फळा हिरवा होतो, टाळ्या पडतात, आणि नवा सदस्य सगळ्यांना खाऊ वाटतो. माझ्या वेळी तर एका महाभागानं, "या विधेयकानं टर्की पक्ष्यांच्या मतदानाच्या हक्काचं काय होईल?" असं गंभीर चेहऱ्यानं विचारलं होतं, आणि मी उत्तरही दिलं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मार्लिसबाईंचं पहिलं विधेयक आलं. अँब्युलन्सचं. तेव्हा नियम असा होता की गाडीत दोन प्रशिक्षित माणसं हवीतच. त्यांच्या गावात, एल्मडेलमध्ये, अशी दोनच माणसं होती, एक मार्लिसबाई आणि दुसऱ्या बर्निस. बर्निसबाईंचं वय बहात्तर, गुडघे गेलेले. स्ट्रेचर उचलताना पेशंटच म्हणायचा, "बाई, तुम्ही बसा, मी चढतो." एक जुलैला त्या थांबणार होत्या. त्या थांबल्या की परवाना गेला, गाडी बंद. पुढची अँब्युलन्स सेहेचाळीस मैलांवर. विधेयक एवढंच म्हणत होतं की एक प्रशिक्षित माणूस आणि एक साधा ड्रायव्हर असला तरी चालेल.

तो दिवस विधेयकं वरच्या सभागृहात पाठवायचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळपर्यंत जे मंजूर होणार नाही ते मेलं, दोन वर्षांनी पुन्हा या. आपल्याकडे प्रत्येक विधेयकाला मत मिळतंच, कुणाचंही कपाटात दाबून ठेवत नाहीत, त्यामुळे एक्केचाळीस शिल्लक होती. सभापती पाठदुखीनं घरी, म्हणून खुर्चीत मी. मला पुढच्या वेळी सभापती व्हायचं होतं, आणि "श्टॉकनं एका दिवसात एक्केचाळीस काढली" असं लोकांनी म्हणावं असं माझ्या डोक्यात होतं. झालं!

मार्लिसबाईंची फिरकी घेऊन झाली. मतदान सुरू झालं. फळा लाल झाला. मी फळ्याकडे बघितलंच नाही. मी खाली मान घालून पुढच्या विधेयकाचा क्रमांक शोधत होतो. एल्डन माझ्या समोर खालच्या टेबलाशी. त्यांनी बोट वर केलं आणि हळूच म्हणाले, "साहेब, थांबा. दिवे बदलायचेत अजून."

मी माइकवर हात ठेवून म्हणालो, "एल्डन, बंद करा हो, पुढचं घ्या."

ते वळून माझ्याकडे बघत राहिले. मी तसंच पुन्हा म्हणालो, "बंद करा." खुर्चीचा आदेश. त्यांनी बंद केलं.

हिरवे अकरा, लाल त्र्याऐंशी. विधेयक पडलं.

हसू एकदम थांबलं. मार्लिसबाई उभ्याच होत्या. त्यांनी आदल्या दिवशी घरी रूबार्बचा कुखन, म्हणजे आपला जर्मन केक, भाजून चार ट्रे आणले होते, ते मागच्या बाकावर झाकून ठेवलेले. कुणी तिकडे बघेना. मग सगळे ओरडायला लागले, "एल्डन, बदलून टाका ना! गंमत होती हे सगळ्यांना माहीत आहे." एल्डन म्हणाले, "फळ्यावर लागलं ते लागलं. मी दुसरं लिहिणार नाही."

एक वाट होती. विरोधात मत दिलेल्यांपैकी कुणीतरी उठून फेरविचार मागायचा. पण कारण सांगायचं, आणि ते कामकाजात छापलं जाणार. म्हणजे काय सांगायचं? "मी अँब्युलन्सच्या विरोधात गमतीनं मत दिलं"? त्र्याऐंशी शूर वीर मूग गिळून बसले. माझ्या जवळचा एकजण पुटपुटला, "आमच्या गावची गाडी माझा साडू चालवतो. हे पेपरात आलं तर तो मला घरात घ्यायचा नाही." मी पुढच्या विधेयकाचा कागद वर घेतला. मार्लिसबाई बाहेर गेल्या आणि व्हरांड्यात रडल्या. ते मी बघितलं आणि दुसऱ्या दारानं गेलो.

जेवणाच्या सुट्टीत एल्डन माझ्या खोलीत आले. हातात टाइप केलेला कागद. त्यात होतं, "सचिवांच्या नजरचुकीमुळे मतदान वेळेआधी बंद झाले. सदस्यांना आपले मत पुरे करता आले नाही."

मी म्हणालो, "अहो, पण बंद मी करायला लावलं."

"तुमचं नाव घातलं साहेब, तर दोन्ही बाजू संध्याकाळपर्यंत तुमच्यावरच भांडत बसतील. माझ्या नावावर कोण भांडतंय? मला कुठं निवडणूक लढवायचीय?"

"पण एल्डन, हे खरं नाही. तुम्ही आत्ताच म्हणालात, दुसरं लिहिणार नाही."

"मत बदललं नाही मी. ते तसंच आहे." मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "सही करा. सव्वा वाजलाय."

मी सही केली. आणि खरं सांगतो, माझा जीव भांड्यात पडला. लाज नंतर वाटली.

दुपारी तो कागद वाचला गेला. आता कुणालाच गमतीचं कारण सांगायला नको होतं, चूक सचिवांची! सात जण एकदम उठले फेरविचार मागायला, त्यात तो साडूवालाही होता. एक्क्याण्णव विरुद्ध तीन. कुखन दहा मिनिटांत संपला. एल्मडेलची गाडी चालू राहिली, आजही चालते.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण पुढं दोन वर्षांनी विधिमंडळाच्या संपूर्ण कार्यालयाच्या संचालकाची जागा निघाली. एल्डनशिवाय दुसरं नाव कुणाच्या डोक्यात नव्हतं. निवड समितीत पाच जण, त्यातला एक मी. तिथं एकानं विचारलं, "माणूस चांगला आहे, पण ते अँब्युलन्सचं मतदान त्यांनीच बंद केलं होतं ना?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खुर्चीत मीच होतो ना.

मी पाण्याचा ग्लास उचलला. पाणी प्यायलो. ग्लास खाली ठेवला.

जागा बाहेरच्या माणसाला गेली. त्याला दोन महिने बसून काम कुणी शिकवलं? एल्डननी. मला व्हरांड्यात भेटले तर म्हणाले, "नवे साहेब बरे आहेत. फायली वाचतात." एवढंच. त्याच वर्षी मी सभापती झालो.

गेल्या आठवड्यात ही पुस्तिका हातात आली, पान चार वाचलं आणि मी एल्डनना फोन केला. म्हटलं, मी सांगणार आहे. ते म्हणाले, "कशाला आता? दोन बरे शब्द बोला आणि बसा." मी विचारलं, "कॉरिनबाईंना माहीत आहे ना?"

तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "नाही. तिला सांगितलं असतं तर ती तुमच्या घरी आली असती."

कॉरिनबाई, या आता. तुमच्या नवऱ्यानं ते मतदान चुकून बंद केलं नव्हतं. त्यांनी मला थांबवलं होतं, आणि मी दोनदा सांगितलं म्हणून बंद केलं. ती जागा त्यांची होती. ती माझ्यामुळं गेली. एकोणीस वर्षं तुम्ही त्या चुकीवरचे विनोद जेवणाच्या टेबलावर ऐकत आलात, आणि मी पुष्कळदा त्याच टेबलाशी बसून तुमच्या हातचं खाल्लं. याची माफी कशी मागायची ते मला येत नाही. तरी मागतो.

एल्डन, मान वर करा. तुम्हाला राग आलाय ते दिसतंय मला. येऊ द्या.

मार्लिसबाई, तुम्हालाही हे आत्ताच कळतंय. हा माझ्या सहीचा नवा कागद, यात आत्ता सांगितलं ते सगळं लिहिलंय. छापलेल्या कामकाजात फेरबदल होत नाही, हे मला एल्डननीच शिकवलंय. पण उद्याच्या कामकाजाला हा जोडता येतो. तेवढं करा, एवढीच माझी विनंती.

मला इथं बोलू दिलंत, शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल आभार मानतो. स्वयंपाकघरातल्या मंडळींचेही, जेवण थांबवून धरल्याबद्दल, आभार. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं लांबलं, कुठं कमी-जास्त झालं असेल, ते पोटात घाला. आणि या भाषणात जी काही चूक सापडेल, ती कृपा करून सचिवांच्या नावावर लिहू नका.