गिऱ्हाइकासाठी बाग

दाताच्या दवाखान्यात माझ्या समोर दोघी बहिणी बसल्या होत्या.

“ताई, भावोजींनी चक्क बाग केली?”

“हिरवळ, गुलाब, बसायला बाकसुद्धा. एजंट म्हणाला, बाग असली की घराला भाव चढतो.”

“अगं, तू साधा मोगरा मागितलास तर म्हणायचे, डास होतात!”

“जन्मभर म्हणाले. आता परक्यांसाठी पहाटे उठून पाणी घालतात.”

“कमालच झाली! गिऱ्हाईक कधी येणार?”

“आलंय. हे त्यांना बाग दाखवतायत.”

“आत्ता? मग तू इथे कशी? घर कोण दाखवणार?”

“कोणी नाही. कुलूप लावून आलेय.”

“अगं बाई! आणि किल्ली?”

ताईंनी मांडीवरची पर्स घट्ट धरली.

“तुझा नंबर आला बघ. सावकाश काढून घे दाढ. बाक आहे त्यांना बसायला.”